पुरवण्यांची संख्या

शाळेत सगळे त्यांना पाठीमागे 'पुरवणीसर' म्हणत, आणि हे आपल्याला ठाऊक आहे हे सर कुणाला कळू देत नसत. तीस वर्षं त्यांनी परीक्षा विभाग सांभाळला होता. पेपर सुरू झाला की हातात पुरवण्यांचा गठ्ठा, खिशात पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे, आणि तोंडात एकच वाक्य. "पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहा. नाही लिहिली, तर पुरवणी तपासली जाणार नाही." या वाक्यापायी किती पोरांचे मार्क गेले त्याची गणती नाही. (सरांच्या मते ते मार्क त्यांनी घालवलेच नव्हते. पोरांनी ते नीट बांधले नव्हते, इतकंच.)

तर असे हे सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. पण मुख्याध्यापिकाबाईंनी दोन वर्षांची मुदतवाढ सुचवली, फक्त पुढच्या महिनाअखेरच्या बैठकीआधी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा म्हणाल्या. सरांना ही दोन वर्षं अगदी जिवापाड हवी होती. कारण घरी बसायचं म्हणजे बाहेरच्या खोलीत बसायचं, आणि बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चालायचं. गेल्या सुट्टीत तिने त्यांना हूक लावायला बसवलं होतं. सरांनी बावीस हूक लावले, ते सगळे उलट्या बाजूला. ते उसवायला तिला अख्खी दुपार लागली, आणि ती दुपार सरांच्या अजून मनात होती.

"मेडिकल म्हणजे परीक्षाच की," सर आरशापुढे उभे राहून म्हणाले. "आणि अभ्यास न करता परीक्षेला कोण बसतं?"

अभ्यास म्हणून त्यांनी फक्त एक डबी आणली. मल्टिव्हिटॅमिनची. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती, पण ती डबी त्यांनी कौतुकाने शाळेत पी.टी.च्या मास्तरांना दाखवली.

"हे?" मास्तर म्हणाले. "हे लहान मुलांना देतात, सर. या वयात हाडांना वेगळं लागतं, सांध्यांना वेगळं."

"आणि डोळ्यांना?"

"डोळ्यांना तर लागतंच."

झालं. हाडांची डबी आली, सांध्यांची आली. डोळ्यांची आली तिच्यात गाजराचा अर्क होता. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या, केसांसाठी एक डबी आली (केस मात्र आले नाहीत). रविवारच्या पेपरची आरोग्य पुरवणी वाचून आणखी पाच आल्या, त्यांत एक रक्ताभिसरणाची. सरांनी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, अर्ध्या अर्ध्या तासाचं, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी ठेवून.

"अहो, एवढ्या गोळ्या कुणाला विचारून घेताय?" बायकोने मशीन थांबवून विचारलं.

"गोळ्या नव्हेत गं. डबीवर लिहिलंय बघ, हे औषध नाही, आहाराला पूरक आहे. पूरक म्हणजे पुरवणी."

"आणि मूळ पेपरचं काय? सकाळचं अर्धं जेवण ताटात टाकून उठलात."

"पोटात जागा नव्हती."

"मग काय, मूळ पेपर कोरा आणि पुरवण्याच दहा," ती म्हणाली आणि पुन्हा पायडल मारायला लागली. सरांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. त्यांचंच होतं ते, दर वर्षी वर्गात म्हणायचे.

दोन आठवड्यांत अभ्यासाचा परिणाम दिसायला लागला. सर फळ्याकडून वर्गाकडे वळले की पहिला बाक माशाच्या वासाने मागे सरकायचा. मग एके दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये, रक्ताभिसरणाची गोळी घेऊन अर्धा तास झाला असेल नसेल, सरांचा चेहरा कानापर्यंत लालबुंद झाला. मुख्याध्यापिकाबाई तेव्हा पेपर आठ दिवस आधी घ्यावेत म्हणून सुचवत होत्या. सरांचा तो अवतार बघून त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही, तुमची एवढी हरकत असेल तर राहू दे." सरांची काही हरकत नव्हती. त्यांना नुसतं उकडत होतं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. 'सध्या काय काय घेता?' या रकान्यापाशी सर थांबले.

"त्या डब्या लिहा ना," बायको म्हणाली.

"औषधांचं विचारलंय. उगाच कशाला नसती भर?" सर म्हणाले आणि त्यांनी मोठ्या अक्षरात 'काही नाही' असं लिहिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी वाकून नमस्कार केला, रक्त घेतलं, लघवी घेतली, तीन दिवसांनी या म्हणाल्या. तीन दिवस कसले, दुसऱ्याच दिवशी फोन आला. दोघंही या, लगेच या.

"सर, तुमचे तळहात पिवळे आहेत, म्हणून मला काविळीची शंका आली. पण कावीळ नाही," डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या. "लघवीचा रंग मी असा कधी बघितला नव्हता. थायरॉइडचा रिपोर्ट काहीतरीच आलाय. ते सगळं एक वेळ सोडा. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, आणि ही गंमत नाही. असंच वाढत राहिलं तर किडनीला इजा होईल. तुम्ही खरंच काही घेत नाही?"

सर छताकडे बघायला लागले. बायकोने पायाशी ठेवलेली कापडाची पिशवी उचलली आणि एकेक डबी टेबलावर मांडली. नऊ झाल्या.

"नऊ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अकरा," सर अगदी बारीक आवाजात म्हणाले. "दोन शाळेत आहेत. उत्तरपत्रिकांच्या कपाटात."

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक डबीचं लेबल वाचलं. "ही हाडांची, हिच्यात डी व्हिटॅमिन. ही सांध्यांची, हिच्यातही डी. या मल्टीत डी, या तिघींत डी. सर, यांनी एकमेकींचं कॉपी केलंय. तुम्हाला कळलं नाही?"

तीस वर्षं ज्या माणसाने शेवटच्या बाकावरची कॉपी दारातून पकडली, तो खाली मान घालून बसला होता. केसांच्या गोळीने थायरॉइडचा रिपोर्ट फसवला होता आणि गाजराने तळहात रंगवले होते, हेही त्याला तिथेच कळलं.

"दहावीच्या पूर्वपरीक्षेला भूमितीच्या पेपरात मी तीन पुरवण्या जोडल्या होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संख्या लिहायची राहिली. तुम्ही त्या तपासल्या नाहीत. चौदा मार्क गेले माझे."

"नियम होता, बाळ."

"नियम बरोबरच होता. तुम्हीही पहिल्या पानावर संख्या लिहिली नाहीत, सर. हा पेपर मी तपासणार नाही." त्यांनी फॉर्म बाजूला सारला. "सगळं आजपासून बंद. भरपूर पाणी प्या, नीट जेवा, मधूनमधून रक्त बघत राहू. दोन आठवड्यांनी फेरपरीक्षा."

घरी येताना बायको पिशवी घेऊन पुढे चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "मी घाबरले होते. शाळेने नाही घेतलं तर नाही घेतलं. मला तुम्ही धडधाकट हवे आहात. हूक लावायचे नसतील तर लावू नका." तिचे डोळे भरले होते. सरांना फार वाईट वाटलं. पुन्हा एका गोळीला हात लावणार नाही म्हणून त्यांनी तिथेच तिला शब्द दिला.

शाळेतल्या दोन मागवून घेऊन तिने त्याच दिवशी अकराही डब्या रिकाम्या केल्या आणि धुऊन मशीनवरच्या फळीवर ठेवल्या. सरांनी शब्द पाळला. बारा दिवस पाळला, तेरा दिवस पाळला. चौदाव्या दिवशी सकाळी, सगळे रिपोर्ट आदल्या दिवशीच ठीक आलेले असताना, आता नुसतं ब्लडप्रेशर बघून जिना चढून दाखवायचा असताना, सरांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. दोन वर्षांचा प्रश्न होता. बायको आंघोळीला गेली होती. चष्मा पेपरावर राहिला होता. फळीवर हात गेला तर एका डबीत काहीतरी खुळखुळलं. पांढरी, गोल, चमकदार. धुताना राहिली असणार. एकच, शेवटची, ताकदीसाठी. सरांनी घोटभर पाण्याबरोबर ती गिळली. जरा कडक लागली, पण कडक म्हणजे जोरदारच असणार.

आणि काय सांगावं, गुण लगेच आला. दवाखान्याचे दोन मजले सर न थांबता चढले. ब्लडप्रेशर पोराटोरांसारखं. पण फॉर्मच्या त्या रकान्यापाशी त्यांचा हात अडखळला, आणि बायकोकडे पाठ करून त्यांनी लिहिलं, 'पुरवण्यांची संख्या : १'.

डॉक्टरीणबाई हसल्या. "एकीने काही होत नाही, सर. आणि संख्या लिहिलीत, म्हणून पास." त्यांनी सही करून सर्टिफिकेट दिलं.

दुपारी सर आरामखुर्चीत ऐटीत बसले होते. मुदतवाढ हातात आल्यातच जमा होती आणि छातीत अजून ती ताकद जाणवत होती. मन मोकळं करावंसं वाटलं. "तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. सकाळी मी एक गोळी घेतली. चूक झाली. पण काय गोळी होती. माझ्या या जिना चढण्याचं सगळं श्रेय तिला."

बायकोचं लक्ष नव्हतं. ती एका लहान मुलीच्या फ्रॉकच्या गळ्याचं आदल्या रात्री राहिलेलं मोत्यांचं काम पुरं करायला बसली होती आणि डबी पालथी करून गळ्यावरचे मोती बोटाने मोजत होती. पुन्हा मोजलं. मग तिने मान वर केली.

"कसली गोळी? पांढरी, गोल?"

"आणि चमकदार," सर अभिमानाने म्हणाले.

तिने सुई खाली ठेवली आणि तेवढ्यात फ्रॉक न्यायला दारात आलेल्या गिऱ्हाईकबाईंना म्हणाली, "फ्रॉक आज नाही मिळणार हो. अकरा मोती लावलेत. बारावा परवापर्यंत येईल."