अठ्ठावीस रुपये बत्तीस पैसे

पहिली ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला, तेव्हा स्वरदा दवाखान्यात जुईच्या दंडाकडे टक लावून बसली होती. चार वर्षांच्या जुईला नुकतंच इंजेक्शन दिलं होतं आणि 'अर्धा तास बघा' असं नर्सने सांगितल्यामुळे स्वरदा शब्दशः बघत होती. मोबाइल पुन्हा वाजला. दुसरी ऑर्डर रद्द. मग तिसरी. जुईला घेऊन ती रिक्षात बसेपर्यंत आकडा अकरावर गेला.

घरातून चालवलेल्या स्वरदाच्या ऑनलाइन दुकानात एकच वस्तू होती : चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ आणि मेतकूट असलेला बाराशे रुपयांचा 'दिवाळी डबा'. जुईच्या शाळेची दुसऱ्या टर्मची फी, तेरा हजार दोनशे, आपल्या कमाईतून भरणार असं तिने साऱ्या घराला ऐकवलं होतं. शेवटची तारीख शनिवार. आणि आज गुरुवार. भाजणीत केस निघाला? अळी? कोणाला बाधलं तर नाही ना?

बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये शिरताच ती ओरडली, "आई, अकरा ऑर्डरी रद्द झाल्या! भाजणीत काही निघालं का हो?"

"निघायचंय काय?" सासूबाईंनी, म्हणजे सुनंदाबाईंनी चष्मा सारखा केला. "मीच रद्द करायला लावल्या."

"तुम्ही?"

"काल जेवताना तूच रडत होतीस ना? डब्यामागे कार्डवाले अठ्ठावीस रुपये बत्तीस पैसे कापतात म्हणून? पत्त्याच्या कागदांवर फोन नंबर होतेच. एकेकाला म्हटलं, अहो, कार्ड कशाला? आपलीच माणसं तुम्ही, घरी येऊन रोख द्या आणि डबा घेऊन जा. सगळे लगेच तयार झाले!"

स्वरदा खुर्चीत बसली. "आई, रद्द केलं की गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे परत जातात. आपले कापलेले अठ्ठावीस मात्र परत येत नाहीत."

"म्हणजे? डबा गेला नाही, पैसे राहिले नाहीत, तरी कापले?"

"कापले."

"कशाबद्दल?"

"पैसे आणून दिल्याबद्दल."

"पण परत नेले ना मेल्यांनी!"

कार्डाच्या कंपनीच्या मदत केंद्राला स्वरदाने हेच दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा 'आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का' असं उत्तर आलं होतं.

शुक्रवारी सकाळपासून आपली माणसं यायला लागली. अशोका गार्डनहून विनायककाका आले, ते सोबत मुक्कामाला आलेली बहीण आणि तिचे दोन नातू घेऊन. "सुनंदाताई, भाजणी कशी आहे ते कळायला नको का?" असं ते म्हणाल्यावर सुनंदाबाईंनी कढई चढवली. शिवाजी नगरच्या रसिकाला चहा चालत नसल्यामुळे तिच्यासाठी कॉफी झाली. परीक्षित नावाचे गृहस्थ दुपारी बरोबर जेवायच्या वेळी आले आणि "नको नको" म्हणत तीन पोळ्या जेवले. प्रत्येकजण जुईच्या दंडाला हात लावून "दुखतं का गं?" विचारत होता आणि जुई प्रत्येकासाठी नव्याने रडत होती.

संध्याकाळी स्वरदाचा नवरा कौस्तुभ कारखान्यातून आला तेव्हा चार लिटर दूध, दोन किलो तेल आणि विक्रीची एक किलो भाजणी संपली होती. पैशांच्या डब्यात मात्र रोख तेरा हजार दोनशे होते.

"बघ," सुनंदाबाई विजयी स्वरात म्हणाल्या, "एक पैसा कापला नाही कोणी."

कौस्तुभने तेलाच्या रिकाम्या पिशव्यांकडे पाहिलं आणि तो शहाण्यासारखा आंघोळीला गेला.

शनिवारी स्वरदा नोटा घेऊन शाळेत गेली. सुनंदाबाई सोबत होत्याच. खिडकीत फी घेणाऱ्या हिंदीभाषक रजनी मॅडम बसल्या होत्या.

"कैश तो इस साल से बंद है मैडम. ऑनलाइन भरिए."

स्वरदाच्या खात्यात दोनशे बारा रुपये होते. बाकीचे पुढच्या मालासाठी डाळ-तांदळात गेले होते. नोटा खात्यात भराव्यात तर चौथा शनिवार, बँक बंद. कौस्तुभला ऑनलाइन भरायला सांगावं तर त्याचा मोबाइल कारखान्याच्या गेटवर जमा.

"सोमवारी चालेल? मंडे को?"

"लेट फीस लगेगी. पाँच सौ."

पर्समध्ये कौस्तुभने दिलेलं क्रेडिट कार्ड होतं. नोटा संध्याकाळी त्याच्या हातात ठेवल्या की फी आपल्याच कमाईची ठरेल, असा हिशेब करून स्वरदाने ते पुढे केलं.

"कार्ड पे चार्ज लगेगा," रजनी मॅडम म्हणाल्या. "दो परसेंट, ऊपर से जीएसटी."

"म्हणजे किती?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"तीन सौ ग्यारह रुपये बावन पैसे."

सुनंदाबाईंनी बोटांवर हिशेब केला, मग दुसऱ्या हाताची बोटं घेतली. "स्वरदा, अठ्ठावीस बत्तीस अकरा वेळा..."

"तेवढेच होतात आई."

"विकणारा आपण तरी आपलेच कापतात, आणि भरणारा आपण तरी आपल्यालाच लावतात?"

"हो."

पावती निघाली. फी भरली गेली. पावती देताना रजनी मॅडम एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "मैडम, आप ही वो चकली का आटा बेचती हैं ना? मुझे भी एक डिब्बा चाहिए. कार्ड से करूँ, या कैश लेकर घर आ जाऊँ? बच्चों को भी ले आऊँगी."

स्वरदाने तोंड उघडण्याआधीच सुनंदाबाई खिडकीत वाकल्या.

"कार्ड से कीजिए," त्या म्हणाल्या. "दो डिब्बे लीजिए, चार लीजिए, पर कार्ड से ही कीजिए!"