एक महिना लिहिणार नाही म्हणजे नाही!

मी दमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! वीस वर्षं मालवणच्या हायस्कुलात भूगोल शिकवतोय, नववीच्या दोन-दोन तुकड्या एका खोलीत कोंबून सांभाळल्यात, आणि गेलं सव्वा वर्ष एकही दिवस न चुकवता ब्लॉग लिहितोय. हो, ब्लॉग! सन दोन हजार नऊ चालू आहे म्हटलं, आमच्या कट्टा गावातसुद्धा इंटरनेट आलंय. तुटतं, पण आलंय.

ब्लॉगचं नाव 'कट्ट्याची खबर'. कोणाच्या माडावर वांदर चढले, बांगडा आज काय भावाने गेला, मसुऱ्याची एसटी कुठे बंद पडली, सगळं त्यात. मुंबईचे चाकरमानी आणि दुबईतली आमची मंडळी हापिसात गेल्या गेल्या आधी माझा ब्लॉग उघडतात, मग फायली!

तर सुट्टी घ्यायचं ठरवलं ते दमलो म्हणून नव्हे. दमू नये म्हणून! कारण लक्षणं बरी दिसत नव्हती. एकदा नववीत सह्याद्रीतल्या नद्या संपवल्या आणि म्हणालो, "प्रतिक्रिया जरूर कळवा." मागच्या बाकावरून आवाज आला, "छान लेख, सर!" मग शेजारच्या सत्यवानाची म्हैस विहिरीत पडली. सगळे दोर घेऊन धावले आणि मी वही घेऊन धावलो. म्हैस वर आली, पण सत्यवान अजून माझ्याशी बोलत नाही.

म्हणून बेत आखला. एक महिना अक्षर लिहायचं नाही. मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात. "आज काय लिवलास?" असं कोणी विचारलं तर सरळ पाठ फिरवायची!

"जमतला तुमका?" आमच्या सौ. कावेरीने विचारलं.

"नाय जमाक काय झाला? बघच तू!"

निरोपाचा मजकूर झोकात सुरू केला. 'वाचकहो, तुमचा-माझा प्रवास इथवरच होता. आता माझ्यात बळ उरलेले नाही.' पुढे लिहायचं होतं, 'म्हणून एक महिना आराम करून ताजातवाना परत येतो.' पण म्हटलं, आधी दोन ओळी कशा दिसतात ते बघू. प्रकाशित केलं आणि तेवढ्यात लाइट गेली! माडाची झावळ तारेवर पडली होती. वायरमन म्हणाला, दोन दिवस लागतील.

मी म्हटलं, लागू देत! सुट्टी ती सुट्टी. डब्यावर झाकण लावलं आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारापुढच्या खळ्यात बसून घावणे खात होतो. दारात एक भाड्याची गाडी थांबली. आतून माझा मुंबईचा चुलतभाऊ सुदेश उतरला आणि त्याच्यामागून सहा जण. सगळे माझे वाचक, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सुदेशने मला बघितलं आणि घावण्यासकट मिठी मारून हंबरडाच फोडला.

"हरीदादा! तू आसस रे!"

"नायतर खंय जातलंय?"

"बळ उरला नाय म्हणान लिवलंस, फोन बंद! आमी काय समजाचा?"

एकाच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती, दुसऱ्याच्या हातात झेंडूचा हार. मी विचारलं, "हो हार कित्याक?" तो खाली बघत म्हणाला, "हार दोनीकडे चालता, मास्तर. मिळालास तर गळ्यात."

इतक्यात दगडी गडग्यापलीकडून सत्यवानाची बायको आनंदी ओरडत आली. दुबईतला माझा वाचक बाबली, त्याचा तिच्याकडे तीनदा फोन येऊन गेला होता. बाबलीने तर्क केला होता की मास्तरांची बायको रुसून माहेरी गेली असणार, त्याशिवाय पुरुषाचं बळ असं जात नाही! वैनीक परत हाडा, गाडीभाडा मी धाडतंय, असा त्याचा निरोप होता.

"आणि तुमी काय सांगितलास?" कावेरीने पदर खोचला.

"आमचे घो म्हणाले, आमका काय माहीत नाय बा!"

सत्यवानाने म्हशीचा सूड असा उगवला. कावेरी तिथेच म्हणाली की आता खरोखरच जाते माहेरी, वेंगुर्ल्याला, आणि भाडं बाबलीकडूनच घेते!

मी ओरडून सगळ्यांना गप्प केलं. सांगितलं, मी ठणठणीत आहे, फक्त महिनाभर सुट्टीवर आहे. एक क्षण सगळे खूश झाले. मग सुदेशचा चेहरा बदलला.

"सुट्टी? आमी बारा तास गाडीत आखडान इलंव, आणि तुका सुट्टी? आता बस आणि लिव!"

"लिवचंय नाय!"

"दोन ओळी!"

"अर्धी सुदीक नाय! मी काय एसटी आसंय रोज सुटाक?"

सात जण एकदम बोलायला लागले. एक म्हणाला, तुमचं वाचल्याशिवाय मला डबा जात नाही. दुसरा म्हणाला, माझी आई तुमच्या ब्लॉगावर जगते. मी मात्र हलतो कुठे! माझ्या महिन्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. शेवटी कोणीतरी दाजींना बोलावून आणलं.

दाजी गावचे मानकरी. देवळात सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. संगणकाला ते हात लावत नाहीत, सुदेश रोज त्यांना फोनवरून ब्लॉग वाचून दाखवतो, पण झावळ पडल्यापासून त्यांचा फोनही बंद होता. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "माणसाच्यान निवाडो होवचो नाय. चला देवळात!"

गेलो. मला भय कसलं! दाजींनी नारळ हातात धरला, खाकरले, आणि तो खणखणीत आवाज सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुंबैसून धावान इली हत, तेंका सुखरूप परत पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या हरिश्चंद्राक कोणाची दिष्ट लागली आसात, ती भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हेचो जो काय ब्लॉग आसा, तो आजपासून एक दिस सुदीक बंद पडू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता माहीत आहे? माझा! लहानपणापासूनची सवय हो! गाऱ्हाण्यात आम्ही अर्थ ऐकतच नाही, सूर संपला की तोंड आपोआप उघडतं. दाजींनी नारळ खाली ठेवला आणि मिशीत हसले. "मास्तरान सोताच व्हय म्हटल्यान. आता देवाक फसवशीत?"

कपाळाला हात लावला मी. माझा महिना गेला! पण मी भूगोलाचा मास्तर, असा सहजी हरतो काय? पुढे झालो आणि नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां सव्वा वरीस फुकट वाचतत, तेंची नजर शाबूत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंच्या हातांका बळ दी, आणि एकेक वार एकेकाच्या हातसून तो ब्लॉग लिवन घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाजींची मिशी खाली आली, कारण व्हय त्यांनीही म्हटलं होतं!

तिथेच वार वाटले. सोमवार सुदेशचा, मंगळवार कावेरीचा, बुधवार दाजींचा, तेही फोनवरून सुदेशला सांगून. उरलेले गाडीतल्या मंडळींनी घेतले, आणि मला फक्त रविवार. सहा दिवस मोकळा! मी घरी आलो आणि विजयी वीरासारखा दुपारभर घोरलो.

मंगळवारी कावेरीने तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, कशा निवडायच्या ते लिहिलं. प्रतिक्रिया आल्या त्रेसष्ट! बुधवारी दाजींनी गडग्यावरून झालेलं जुनं भांडण सांगितलं, शिव्यांसकट. एकशे चार! दुबईत बाबलीने ते छापून हापिसात लावलं म्हणे. मला काय! मी म्हटलं, रविवार येऊ दे, मग बघा मास्तराचा हात.

शुक्रवारपासून तयारीला लागलो. पाच वेळा लिहिलं, खोडलं, जेवण विसरलो. रविवारी टाकलं आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहिलो. एक प्रतिक्रिया आली. एकच! कोणी जान्हवी म्हणून वाचक होत्या. 'मास्तर, तुम्ही फार थकलेले वाटता. अजून आराम करा. तोवर तुमचा रविवारही वहिनींना द्या.'

त्याखाली सहमती दर्शवणारे बावीस जण. त्यात सुदेश होता, आणि त्याला फोनवरून सांगून दाजीही होते.

मी अजिबात थकलेलो नाही! हे सगळं सविस्तर ब्लॉगवरच लिहून त्यांना दाखवणार होतो. पण तिथे आता लिहिणाऱ्यांची रांग लागलीय आणि माझा नंबर शिमग्यानंतर लागतो, म्हणून हे छापायला पाठवलं.