गाडीची हवा कोणी काढली?

मला आजवर कोणी फसवलेलं नाही! न्येरीच्या शाळेत तीस वर्षं मी परीक्षेला पहारा दिलाय. पोरगा कोणत्या मोज्यात चिठ्ठी लपवून आलाय, हे मी त्याच्या चालण्यावरून सांगत असे. मग गाडीचे चोर माझ्यापुढे काय टिकणार?

नैरोबीत गाडी उभी करून तुम्ही जरा वळलात की आरसा गायब! हळहळत पुढच्या गल्लीत जावं, तर तिथला दुकानदार तुमचाच आरसा पुसून तुम्हाला विकतो. वर म्हणतो, "नशीबवान आहात, शेवटचाच उरला होता." म्हणून शहाणी माणसं काचांवर, आरशांवर गाडीचा नंबर कोरून घेतात. मी कोरून घेत नाही. कोरणाऱ्याचा तरी काय भरवसा? मी कोरायचं मशीनच विकत आणलं!

निवृत्त झाल्यावर मी एक मोठी इंग्रजी गाडी घेतली. वापरलेली, पण थाट राजाचा. चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे; बटण दाबलं की फुगे भरायचे आणि गाडी चारी पाय ताणून उभी राहायची. आणल्या आठवड्यातच मी 'केडीजी ४०७ एम' हा नंबर आरसे, दिवे, काचा, वायपर, जॅक, सगळ्यांवर कोरला. ओमोलो मिस्त्रीने ब्रेक बघायला चाकं उतरवली आणि तो चहाला गेला, तेवढ्यात मी आडवा होऊन आत हाताला जे जे लागलं त्यावरही कोरला. करायचं तर पुरतं करावं!

आणि अशा गाडीची कोणीतरी हवा काढायला लागलं! रोज सकाळी पाहावं, तर पुढची डावी बाजू जमिनीला टेकलेली. इंजिन चालू केलं की कुरकुरत वर यायची, तासाभरात पुन्हा खाली.

एरवी मी महिनाभर चौकशी केली असती. पण शनिवारी माझा मुलगा करीथी याच्या लग्नाची बोलणी होती. मुलगी न्योकाबी, ओथायाची. तिचा बाप गाचांजा म्हणजे पंचवीस वर्षं चहाचा ट्रक हाकलेला कडक म्हातारा. त्याने करीथीला आधीच बजावलं होतं, "घर कसं आहे ते मी बापावरून ठरवतो." बारापर्यंत फाटकाच्या आत नसलो, तर बोलणी थेट चहाचा हंगाम सरल्यावर!

ओमोलोने गाडीखाली डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मास्तर, हे हवेचे फुगे काढून टाका. साधे कॉइल स्प्रिंग बसवतो. जन्मात खाली बसायची नाही."

"आणि काढलेल्या फुग्यांचं काय करणार?"

"टाकून देईन की."

टाकून देईल! माझा नंबर घासून पुढच्या गल्लीत विकेल! मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

मग मी मेव्हण्याला विचारलं. मुरियुकी म्हणाला, "दाजी, वेड लागलंय का? राजाच्या गाडीला बैलगाडीचे पाय लावता? हवेचंच ठेवा. पाहिजे तर गाडी मला द्या, मी बघतो."

मला द्या! म्हणजे याचा डोळा गाडीवरच! हवा हाच काढत असणार!

मी गाडीभोवती मक्याचं पीठ पसरलं. चोराचे पाय उमटले की खेळ खलास! दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळीकडे कोंबड्यांची पावलं, आणि पीठ साफ! त्यानंतर दोन दिवस मी कोंबड्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहत होतो.

"अहो, करीथीचे बाबा," माझी बायको न्यावीरा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आज माझं पीठ गेलं, उद्या पोराचं लग्न जाईल. हवा म्हणा नाहीतर स्प्रिंग म्हणा, पण काहीतरी एक ठरवा!"

मी ठरवलं. ओमोलो स्प्रिंग म्हणतोय, म्हणजे त्यात त्याचा फायदा. म्हणजे हवाच बरोबर!

शनिवारी ओथायाचा चढ गाडी दिमाखात चढली. साडेअकराला आम्ही इंजिन बंद करून फाटकापुढे उभे! रिवाजाप्रमाणे फाटक बंद, आत बायका गाणं म्हणतायत: कोण तुम्ही, कशाला आलात? बाहेरून आमच्या बायका उत्तर देत होत्या. आतल्यांचं समाधान होईपर्यंत फाटक उघडत नाही, आणि आतल्यांना त्या दिवशी भारी उत्साह!

तिसऱ्या कडव्याला गाडीने फुस्स केलं. पाचव्याला डावा कोपरा टेकला. फाटक उघडलं तेव्हा गाडी रस्त्याच्या खाचेत पोट टेकून बसली होती आणि दारं दोन्हीकडच्या मातीत रुतली होती. आत मी, मुरियुकी आणि आमच्या कुळातले दोन म्हातारे. शेवटी आम्हाला खिडक्यांतून ओढून काढलं. मोठ्या काकांची टोपी आतच राहिली.

गाचांजा काठी टेकत आला. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ज्यांना गाडी उभी ठेवता येत नाही," तो म्हणाला, "ते घर काय उभं करणार?"

करीथीचा चेहरा पडला. दारात न्योकाबी डोळे पुसत होती. पोराचं लग्न मोडत होतं, आणि तेही कोणा चोरामुळे!

"हा घातपात आहे!" मी मेव्हण्याकडे बघत ओरडलो. "ज्याने हे केलं त्याच्याकडून दहा शेळ्या दंड घेईन आणि तुमच्या दारात आणून बांधीन!"

"साक्ष आहोत!" दोन्हीकडचे म्हातारे एका सुरात म्हणाले. शेळ्यांचं नाव निघालं की आमच्या म्हाताऱ्यांना लगेच ऐकू येतं.

गाचांजाने कोट काढला, जॅक लावायला लावला आणि सत्तरीचा तो माणूस सरळ गाडीखाली शिरला. मग खालून आवाज आला.

"फुग्याला चिरा पडल्यात. रांगेत. थांबा... ही तर अक्षरं आहेत. के... डी... जी... चार... शून्य..."

तिथे पन्नास माणसं होती आणि नंबरची पाटी सगळ्यांच्या समोर होती!

"सात, एम," मुरियुकीने गोड आवाजात पुरं केलं. "दाजी, चोर सापडला!"

न्यावीराने रुमालाआड तोंड लपवलं. ती रडत नव्हती.

गाचांजा माती झटकत बाहेर आला. त्याचे खांदे हलत होते. पंचवीस वर्षांत हा माणूस हसलेला कोणी पाहिला नव्हता म्हणे! "व्याही," तो डोळे पुसत म्हणाला, "जो रबराचीही एवढी राखण करतो, तो माझ्या लेकीची करेलच. मुलगी दिली! देज ठरेल ते ठरेल, तुमच्या दंडाच्या दहा शेळ्या त्याहून वेगळ्या. आणि एक अट. पोरीच्या कुठल्याच वस्तूवर काही कोरायचं नाही!"

आता गाडीला कॉइल स्प्रिंग आहेत. ओमोलोने बसवले, मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. रस्त्यातला प्रत्येक खडा कंबरेला कळतो, पण गाडी उभी असते.

कोरायचं मशीन मात्र त्या दिवसापासून घरात दिसत नाही. न्यावीरा म्हणते, तिला माहीत नाही. परवा मुरियुकीच्या घरी अगदी तसंच एक पाहिलं. तो म्हणतो, बाजारातून आणलं. आता कसं सिद्ध करू? सगळ्यावर नंबर कोरला, तेवढा मशीनवर कोरायचा राहिला!