सिंधूकाकूंचं लायसन

काटेवाडीतल्या आमच्या शेजारच्या सिंधूकाकू गाडीचा ब्रेक तोंडानं दाबतात. पाय ब्रेकवर असतोच, पण "थांब गं बये!" असं ओरडल्याशिवाय गाडी थांबेल यावर त्यांचा विश्वास नाही.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग शिकायला घेतलं. पहिल्याच दिवशी घरची जुनी गाडी आमच्या गोठ्यात घातली. म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही. मी तक्रार घेऊन गेलो, तर मलाच म्हणाल्या, "मास्तर, गोठा तुमचा वाटंतच हाय की!"

बारामतीला त्या तीनदा परीक्षेत नापास झाल्या. एकदा इंजिन बंद पडलं. एकदा आठचा आकडा काढताना नवाचा निघाला. तिसऱ्यांदा साहेब शेजारी बसून म्हणाले, "बेल्ट लावा," आणि काकूंनी वाकून मायेनं त्यांचाच बेल्ट लावला. दर वेळी गल्लीत येऊन स्वतःच जाहीर करायच्या, "पडले! पर मागच्यापरीस बरी पडले."

त्या तिसऱ्या खेपेला परतताना गाडी मी चालवत होतो. वाटेत काकू हळूच म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. मला जमंल का? लोक हसायच्या आधी मीच हसून घेते. पर घरात गेलं की हातपाय गळत्यात."

मला धीर देता येत नाही. म्हणालो, "काकू, म्हैस मागच्या अंगणात बांधलीय. आता बिनघोर चालवा."

त्या खो खो हसल्या. दुसऱ्या दिवसापासून माळावर बादल्या मांडून आठचा आकडा गिरवू लागल्या. चार बादल्या चेपल्या, पण चौथ्या खेपेला पास झाल्या.

लायसन हातात पडलं त्या दिवशी मात्र गल्लीत कुणाला बोलल्या नाहीत. सरळ घरात गेल्या आणि आबांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, धरून गाडीत बसवलं. लकव्यानं आबांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. दुसऱ्याच्या गाडीतून जायला ते मानेनंच नकार देत. दोन वर्षांत अंथुर्ण्याच्या बहिणीचं घरसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं.

मी मागं बसलो. अंथुर्णे जवळ आलं, काकूंनी एक ट्रॅक्टर मागं टाकला, आणि आबांच्या तोंडून घोगरा पण स्पष्ट शब्द आला.

"हळू."

काकूंनी गाडी कडेला घेतली. पदर डोळ्यांना लावला.

"बघितलं का मास्तर? दोन वर्सांनी तोंड उघडलं, आन् बोलले काय, तर हळू!"

मग नाक पुसून त्यांनी गाडी सुरू केली, आणि अंथुर्णे येईपर्यंत पहिला गिअर सोडला नाही.