परकायाप्रवेशाचा नियम

भाजीला फोडणी देता देता नलिनीनं नवऱ्याला सांगून टाकलं, "आजपासून माह्या जोगिणीले परकायाप्रवेश पाहिजे."

मोरेश्वर पाटावर बसून मेथी निवडत होता. त्याचा हात थांबला. "दुसऱ्याच्या शरीरात शिराची विद्या? मंग खेळ राहते कुठं? तू सरळ राजाच्या आंगात शिरशीन, किल्ल्याचा दरवाजा उघडशीन आन् चहा टाकाले उठशीन. बाकीच्यायनं काय करावं? संत्री सोलावी?"

"कादंबरीतली जोगीण शिरते. माही कायले नाही? अडचण येत असन तर नियम करा. सूत्रधार तुमी आहात."

हा खेळ नलिनीच्या भावानं अमेरिकेतून आणून दिला होता. त्यात पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, सूत्रधारानं प्रसंग सांगायचा आणि वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल ते नशीब म्हणायचं. मोरेश्वर सौंसरच्या तहसिलीत कारकून होता. त्यानं वर्षभर खपून सगळे नियम मराठीत आणले होते आणि अमेरिकन राक्षसांच्या जागी कन्हानकाठचे डाकू घातले होते. नलिनी वाचनालयातल्या तिलिस्मी, म्हणजे जादूटोण्याच्या कादंबऱ्यांवर वाढलेली. तिला डाकूंचा कंटाळा आला होता.

जेवण होईपर्यंत मोरेश्वरनं नियम तयार केला. जोगीण ज्याच्या शरीरात शिरेल, त्याचा आत्मा हवेत लोंबकळत ठेवता येणार नाही, म्हणून तो जोगिणीच्या रिकाम्या शरीरात येऊन बसेल. दोघांनी जागा बदलायच्या आणि ज्याचं शरीर त्याच्यासारखं बोलायचं. फाशावर वीस पडेपर्यंत सुटका नाही. मध्येच कोणी मूळ आवाजात बोललं, तर त्याचं पात्र मेलं.

हे शेवटचं वाक्य ऐकून खेळायला आलेला गजानन घाबरला. तो माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायचा आणि वर्षभर जीव लावून त्यानं आपला सेनापती मोठा केला होता. नाव सुचलं नव्हतं म्हणून सेनापतीचं नावही गजानन वैद्यच ठेवलं होतं. बत्तिशी उलटली तरी त्याचं लग्न व्हायचं होतं. स्थळं त्याची वत्सलाताई पाहायची, आणि ठरल्याशिवाय त्याला काही सांगायची नाही, कारण आधी कळलं की तो आजारी पडायचा.

चौथा गडी श्रीधर त्या दिवशी पांढुर्ण्यालाच अडकला होता. त्यानं निरोप पाठवला होता, 'माझ्या जागी नाटकातला एक म्हातारा गडी पाठवतो. पायरीवरूनच पात्रात शिरतो. नावगाव विचारू नका, चिडतो.'

पहिल्याच डावात नलिनीनं जोगीण सेनापतीच्या शरीरात घातली. नियमाप्रमाणे ती गजाननच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसली आणि नसलेल्या मिशीला पीळ देऊ लागली. गजानन खाली सतरंजीवर आला आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन अंग चोरून बसला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात काळी टोपी, पांढरं धोतर आणि काखेत छत्री असे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. "गजानन वैद्य इथंच भेटतीन म्हणे?"

श्रीधरनं पात्रांची नावंसुद्धा शिकवून पाठवली, या विचारानं मोरेश्वर खूश झाला. "या काकाजी, बसा. कुठून येऊन राहिले?"

"लोधीखेड्याहून." गृहस्थ खुर्चीच्या कडेला टेकले. "गजानन कोण?"

"मीच गजानन," नलिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बोला."

गृहस्थांनी तिच्या मंगळसूत्राकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, मग मोरेश्वरकडे पाहिलं. मोरेश्वरनं नव्या गड्याला समजावून सांगितलं, "शरीर सेनापती गजाननचं हाये, आत जोगीण हाये. आन् हे खाली बसून हाये, हे जोगिणीचं शरीर. त्यात गजानन हाये."

गृहस्थांनी बोटांवर हिशेब करून पाहिला. "मतलब या पोराच्या आंगात बाई आली."

"साधारण तसंच."

ते सतरंजीकडे वळले. आवाज मऊ झाला. "केव्हापासून आली बाई तू?"

"आत्ताच आली," गजानन टॉवेलातून म्हणाला.

"दिवसभर काय करतं?"

जोगिणी दिवसभर काय करतात याची गजाननला काहीच कल्पना नव्हती. पण गप्प बसलं तर सेनापती जाणार. त्यानं वत्सलाताईचा दिवस सांगायला सुरुवात केली. "पहाटे उठते जी. पाणी भरते. सैंपाक करते, सगळ्यायले वाढते. मंग उरलं तर खाते. तू जेवली काय, असं कोणी इचारत नाही. आंग दुखलं तरी सांगत नाही, कारण सांगून करन काय?" आपण ताईला कधी विचारलं होतं, हे त्याला आठवेना.

गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे सगळं बायकी बोलणं हाये," नलिनी खुर्चीवरून गरजली. "मले आयतं ताट लागते. घरी दोन राण्या आहेत, तिसरी पाहून राहिलो."

छत्री खाली पडली. "तिसरी?"

"भेटली तर चौथीही."

गृहस्थ उठून उभे राहिले. स्वर ठाम होता. "आता थांबून चालत नाही. याले जामसावळीले नेऊ, मारुतीपुढे बसवू. बस निघाच्या आत उठा."

मोरेश्वरला ही चाल फार आवडली. झपाटलेल्यांना जिथं नेतात ती जामसावळी आपल्याला कशी सुचली नाही याचं त्याला वाईट वाटलं. "जाता येईन," तो म्हणाला, "पण आधी फासा टाका," आणि त्यानं तो वीस बाजूंचा फासा गृहस्थांच्या तळहातावर ठेवला.

असली वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. विंचू झटकावा तसा त्यांनी हात झटकला. फासा सतरंजीवर गरगरला आणि थांबला.

"वीस," मोरेश्वर म्हणाला.

नलिनी टुणकन उठून जागेवर गेली. गजाननही उठला, टॉवेल काढला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार जी. मी गजानन."

गृहस्थ एकदा त्याच्याकडे आणि एकदा स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मग छत्री उचलून निघून गेले.

"काय माणूस हाये," मोरेश्वर म्हणाला. "एक शब्द पात्राबाहेरचा नाही."

पाऊण तासानं पुन्हा दार वाजलं. मखमलीचा झगा आणि लाकडी तलवार घेतलेला एक म्हातारा पायरीवर उभा राहून आरोळी देत होता, "सावधान. उज्जयिनीचा राजगुरू येऊन राहिला आहे."

आत तिघं एकमेकांकडे पाहू लागले.

"मंग ते कोण होते?" गजाननानं विचारलं.

ते रघुनाथराव होते, लोधीखेड्याचे निवृत्त हेडमास्तर. आपल्या मुलीसाठी मुलगा पाहायला आले होते आणि ताईनंच त्यांना इकडं पाठवलं होतं. घरी गेल्यावर वत्सलाताईनं हे सांगितलं आणि गजानन ठरल्याप्रमाणे आजारी पडला.

नकार येईल म्हणून सगळे वाट पाहत होते. त्याऐवजी त्याच आठवड्यात रघुनाथराव मुलीला घेऊन आले. प्रतिभा शिक्षिका होती. वडील ताईशी बोलत असताना तिनं गजाननला थेट विचारलं, "ते बाई गेली काय?"

"बाई नव्हतीच," गजानन खाली पाहत म्हणाला. "खेळ होता. चुकी झाली."

"मंग ते कोण जेवलं, कोण नाही, हे कोण बोललं?"

"मीच. ताईचं सांगितलं. आधी कधी ध्यानातच आलं नव्हतं."

प्रतिभानं वडिलांकडे एकदा पाहून घेतलं. "बाबायले खेळबिळ सांगू नका," ती म्हणाली. "त्यायले वाटते त्यायनंच बाई काढली. तेव्हापासून फार खुशीत आहेत."

साखरपुडा सौंसरलाच झाला. नलिनीनं सगळी सूत्रं हातात घेतली होती. ती मांडवात खुर्चीवर बसून आचाऱ्याला, वाढप्यांना आणि बँडवाल्याला हुकूम सोडत होती. रघुनाथराव तिच्यापासून लांब बसले होते. शेवटी न राहवून त्यांनी मोरेश्वरला बाजूला घेतलं.

"पोराचं तर निपटलं," ते हळूच म्हणाले. "पण तुमच्या बाईच्या आंगातला तो सेनापती अजून दिसून राहिला. म्हणत असान तर काढून देतो."

मोरेश्वरनं एकवार मांडवाकडे नजर टाकली. पंगत वेळेवर बसली होती, कुठं काही कमी नव्हतं.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "घर त्यायच्याच भरवशावर चालून राहिलं."