आत्या, इथून हलू नकोस

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी घाबरत नाही. पूर्वी घाबरायचे. पाल, स्टेज आणि शेजारचा कुत्रा, याच क्रमानं. पण यंदा मला वर्गप्रतिनिधी केलं आणि माझ्या अंगात असा काही आत्मविश्वास शिरला की तो घरात मावेना. “खिडक्या उघड्या ठेवा, थोडा बाहेर जाऊ दे,” असं आई म्हणते.

त्यामुळे आत्यानं जेव्हा जाहीर केलं की ती चाकाच्या खुर्चीवाल्या मंडळींबरोबर तळ्यावर सहलीला जाणार आहे आणि प्रत्येकाबरोबर एक सोबती हवा, तेव्हा मी कोणी विचारायच्या आत म्हटलं, “मी आहे ना.”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मी चौथीत होते तेव्हा तिच्या कण्याला मार बसला. तेव्हापासून पाय तिचं ऐकत नाहीत. बाकी सगळे ऐकतात. ती घरी गणिताच्या शिकवण्या घेते आणि तिचा आवाज असा, की तिनं इथे “पाढे” म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली मुलं पाठ ताठ करून बसतात. पण घराबाहेर म्हणाल, तर फक्त दवाखाना. कारण आई. आईला आत्याची काळजी वाटते, आणि आईची काळजी म्हणजे गॅसवरचं दूध. नजर हटली की ओट्यावर.

“एकदा जाऊन या,” आई शेवटी म्हणाली. “नीट परत आलात तर दर महिन्याला जा, मी चकार शब्द बोलणार नाही. पण काही झालं ना, तर सहल हा शब्द पुन्हा या घरात निघणार नाही. कबूल?”

“कबूल,” आत्या म्हणाली. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, “कार्टे, माझ्या पुढच्या सगळ्या सहली तुझ्या हातात आहेत. लक्षात ठेव.”

मी म्हटलं, “आत्या, तू बिनधास्त राहा.”

गाडी मला पाहताक्षणी आवडली. मागे लिफ्ट. खुर्ची तिच्यावर ठेवायची, ड्रायव्हरकाका बटण दाबणार, आणि माणूस एखाद्या पाहुण्यासारखा मानानं वर जाणार. आत फरशीला लोखंडी पट्ट्या. त्यांत चार पट्ट्यांचे हूक अडकवून खुर्ची अशी आवळायची, की गाडी उलटली तरी खुर्ची म्हणेल, मी इथेच बरी आहे. ड्रायव्हरकाकांचा नियम एकच होता. “खुर्ची बांधणं माझं काम, माणूस बांधणं तुमचं. मी विचारीन, झालं? प्रत्येक सोबत्यानं म्हणायचं, झालं. सगळ्यांचं झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

आमच्याखेरीज दोन खुर्च्या होत्या. एक मास्तरांची. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, बरोबर त्यांची बायको, म्हणजे काकू. दुसरी एका कॉलेजातल्या मुलाची. त्याच्या खुर्चीला मोटर होती आणि त्याला सगळे रॉकेट म्हणत. रॉकेटचा सोबती त्याचा थोरला भाऊ, जो संपूर्ण दिवसात दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा “हळू” म्हणाला.

निघताना आत्यानं काकांना सांगितलं, “येताना मला पुढे बसवाल का, तुमच्या शेजारी? किती वर्षं झाली, गाडीतून मला नुसती लोकांची डोकी दिसतात. जरा रस्ता बघू दे.”

“बसवतो की. मी आणि हा भाऊ मिळून उचलतो. तुमची खुर्ची मागे रिकामी बांधू.”

आता हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. तिथेच घोटाळा झाला.

तळ्यावर दुपार झकास गेली. आत्याला खुर्चीत बसून तळं बघायचं नव्हतं. तिला अगदी पाण्याजवळच्या बाकावर बसायचं होतं. काकांनी आणि भावानं तिला उचलून बाकावर बसवलं. मी पाठीशी उशी दिली आणि वर्गप्रतिनिधीच्या आवाजात म्हटलं, “आत्या, इथून हलू नकोस हं.”

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती सात सक्कं छप्पन्न म्हणणाऱ्या मुलाकडे पाहते. “प्रयत्न करते,” ती म्हणाली.

रिकामी खुर्ची मी सामानाला घेतली. हुशारी बघा. चटया, पाण्याच्या बाटल्या, मास्तरांचा चित्रांचा फळा, आत्याची पिशवी, पिशवीत आत्याचा फोन, सगळं खुर्चीवर. ते ढकलत मी गाडीपाशी पोचते तोच वारा सुटला. साधा वारा नाही. आभाळ काळं झालं, धूळ डोळ्यांत गेली, मास्तरांचं एक चित्र उडून झाडात बसलं.

“चला, चला, आटपा,” काका ओरडले. तेवढ्यात त्यांची टोपी उडाली आणि ते तिच्यामागे बाकाच्या दिशेनं धावले. मी ते पाहिलं. टोपी नाही पाहिली, नुसते काका पाहिले. मनात म्हटलं, वा, आत्याला आणायला गेले.

मग लिफ्ट. आमची लिफ्ट म्हणजे म्हातारे आजोबा, दोन शब्द बोलून दम घेणार. मास्तर चढले, रॉकेट चढला, शेवटी आत्याची खुर्ची, सामानासकट. काकांनी धुळीनं डोळे मिटूनच हूक अडकवले. चटया मी ड्रायव्हरच्या सीटमागे छतापर्यंत रचल्या. पुढचं काही दिसेना, पण त्यात बघायचंय काय? आत्या पुढे आहे, खुर्ची मागे आहे, सगळं ठरल्याप्रमाणे.

“झालं?” काकांनी पुढून विचारलं.

“झालं,” काकू म्हणाल्या. भावानं मान हलवली.

“झालं,” मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

गाडी घाटाला लागल्यावर मी चटयांच्या भिंतीला उद्देशून म्हटलं, “आत्या, दिसतोय का रस्ता?”

उत्तर नाही.

“आत्या, मजा आली ना?”

काही नाही. आत्या रागावली की ओरडते, त्याची सवय आहे. पण आत्या गप्प? तिला माझं ते ‘हलू नकोस’ लागलं असणार. खुर्चीत खिळलेल्या माणसाला असं म्हणतात का? मी काकुळतीला आले. “आत्या, चुकलं माझं. बोल ना गं.”

तेवढ्यात पुढून काका म्हणाले, “आत्याबाई, पोर एवढी विनवतेय, बोला की तिच्याशी. आणि पुढे बसायचं का रद्द केलंत? वाऱ्यानं?”

मी चटयांच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

रॉकेटनं हात लांब करून वरच्या दोन चटया खाली ओढल्या. पुढच्या सीटवर, पट्टा लावून, काकांचा जेवणाचा डबा बसला होता.

“काका,” मी म्हटलं. माझा आवाज पालीच्या काळातला झाला होता. “आत्या तुमच्याकडे आहे ना?”

“माझ्याकडे? मला वाटलं, भावानं त्यांना खुर्चीत बसवलं. तू झालं म्हणालीस.”

“मी खुर्चीचं म्हणाले.”

“अगं, खुर्ची माझं काम. तुझं काम माणूस.”

काकांनी गाडी थांबवली. सगळ्यांनी आत्याच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची चार हुकांनी घट्ट बांधलेली होती, तसूभर हलत नव्हती. तिच्यावर पाण्याच्या बाटल्या आरामात बसल्या होत्या.

हसू येतंय ना तुम्हाला? मला येत नव्हतं. मला दिसत होता तो बाक. पाण्यापासून दोन पावलांवर. आणि ज्या बाईला दोन पावलं मागे सरता येत नाही ती बाई, त्या वाऱ्यात, एकटी, फोनशिवाय. माझे हात असे गार पडले की काकूंनी ते आपल्या हातात घेतले आणि लगेच सोडले.

काकांनी गाडी वळवली. मास्तर म्हणाले, “वळणं जरा बेतानं घ्या, मला गरगरतं.”

“अहो, एक बाई तळ्यावर राहिलीय,” काकू म्हणाल्या.

“ते ऐकलं मी. बेतानं वळलं तर ती जास्त राहणार आहे का?”

आणि माझा फोन वाजला. आई.

आईला कळतं. कसं कळतं माहीत नाही, पण मी शाळेत डबा सांडला तरी तिला घरी ठसका लागतो. मी फोन मांडीखाली घातला. मांडी थरथरत राहिली, फोननं की भीतीनं, कोण जाणे. थांबला. पुन्हा वाजला.

“उचल गं,” काकू म्हणाल्या.

“उचलून काय सांगू?”

“सांग, खुर्ची सुखरूप आहे,” रॉकेट म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. कुठल्याच सहलीत म्हणे आजवर काही घडलंच नव्हतं.

भाऊ म्हणाला, “हळू.”

काकांचा फोन नियमाप्रमाणे खणात कुलूपबंद होता, तोही आतून गुरगुरत होता. वाटेत समोरून एक मिनीबस आली, टपावर लांबलचक होडी बांधलेली. तिच्या खिडकीतून कोणीतरी दोन्ही हात बाहेर काढून जिवाच्या आकांतानं हलवत होतं. अशा वेळीही माणसानं सभ्यता सोडू नये, म्हणून मीही हात हलवला. बस गेली. आईचा फोन पुन्हा वाजला. मी तो चटईत गुंडाळला.

तळ्यावर पोचलो. गाडी थांबायच्या आत मी उडी मारली आणि धावले. बाक होता. उशी होती. आत्या नव्हती.

आणि बाकाजवळून पाण्यापर्यंत चिखलात एक रुंद, ओला, फरफटत नेल्याचा माग होता.

मला त्या क्षणी रडू आलं नाही, किंचाळता आलं नाही. मी चिखलात बसले आणि “आत्या” म्हणाले, पण इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नाही. मागून काका धापा टाकत आले, त्यांनी माग पाहिला आणि टोपी काढली. ती टोपी काढलेली पाहून मात्र मी भोकाड पसरलं.

त्या आवाजानं फाटकावरचा रखवालदार आला. “काय हरवलं?”

“इथे एक बाई होत्या,” काका म्हणाले.

“त्या? त्यांना उचलून नेलं.”

“कोणी?”

“सात-आठ जणी होत्या. दांडग्या. होडीवाल्या.”

“आत्या ओरडली का?” मी विचारलं.

“ओरडली? बाप रे. सगळं तळं ऐकत होतं. डावीकडून धरा, पाय आधी, तू गं उंच, वाक जरा. त्या पोरींनी आधी होडी पाण्यातून ओढून बाहेर काढली, मग ह्यांना उचललं. होडीपेक्षा हलक्या आहेत म्हणाल्या.”

तेव्हा मी गाडीकडे धावले आणि चटई उलगडली.

“आई,” मी म्हटलं.

“उचललास?” आईचा आवाज इतका शांत होता की चिखल परवडला. “तुझ्या आत्यानं कोणा मुलीच्या फोनवरून केव्हाच कळवलं, त्यांच्या बसनं येतेय, पोरीला सांग परत फिरू नकोस. तेच सांगायला करतेय मघापासून. ती म्हणते, तू वाटेत तिला टाटा केलास. खुर्ची घेऊन घरी ये.”

घरी आत्या सोफ्यावर मधोमध बसली होती, केस वाऱ्यानं उभे, गाल लाल. मी तिच्या गळ्यात पडले. तिनं मला थोपटलं आणि कानात म्हणाली, “मी हलले. माफ कर.”

आई खांबासारखी उभी होती. “ठरलं होतं,” ती म्हणाली. “काही झालं तर सहल संपली. झालं की नाही?”

आत्याच्या सगळ्या सहली माझ्या हातात होत्या, आणि मी त्या चटईत गुंडाळून ठेवल्या होत्या.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “घाबरले होते मी. खोटं नाही बोलत. गाडी जाताना पाहिली. हाका मारल्या, वारा गिळून टाकत होता. मग म्हटलं, कोणी ऐकेपर्यंत ओरडायचं. त्या मुलींनी तळ्याच्या मधून ऐकलं.” तिनं उभे राहिलेले केस मागे सारले. “त्यांच्या होडीत एक जागा असते. तिथे बसणारी वल्हवत नाही. ती फक्त समोर तोंड करून बसते, रस्ता बघते आणि बाकीच्यांवर ओरडते. त्यांची ती मुलगी शहर सोडून गेलीय. मला विचारलंय.”

“पाण्यात?” आई मटकन खाली बसली. आत्याची खुर्चीच जवळ होती, तिच्यातच बसली.

“पाण्यावर. जाकीट घालून. दर रविवारी.”

“महिन्यातून एकदा ठरलं होतं,” आई क्षीण आवाजात म्हणाली.

“ते मोडलंस ना तू आत्ता.”

आई आत्याच्या लाल गालांकडे पाहत राहिली. असे गाल आम्ही कोणी फार वर्षांत पाहिले नव्हते. शेवटी माझ्याकडे बोट करून आई म्हणाली, “ही बरोबर येणार नाही. ही घरात राहील.”

तर आज रविवार आहे. ड्रायव्हरकाका आत्याला घेऊन गेले. जाताना त्यांनी खुर्ची बांधली, मग माणूस स्वतः बांधलं आणि “झालं?” असं आत्यालाच विचारलं. मला घरी ठेवलंय. आईला एकटीला भीती वाटते, म्हणून सोबतीला.

हे काम सोपं नाही हो. दर पाच मिनिटांनी आई विचारते, “तळ्यावर वारा असेल का गं?” मी म्हणते, “छे, मुळीच नसेल.” तेवढ्यात खिडकीतला पडदा उडतो, आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी तो घट्ट धरून बसतो.