टोला पडला की व्याख्यान संपलं

पोस्टमास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. महिन्याच्या व्याख्यानाला निदान निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत, तर वाचनालयाचा हॉल पुढच्या महिन्यापासून व्यायामवर्गाला द्यायचा, असं ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"अहो, गेल्या वेळी वक्त्यासकट चौघं होतात तुम्ही. त्यातले दोघं घोरत होते!"

हे खरं होतं. त्या दोघांतले एक आपणच होतो, हे मात्र पोस्टमास्तर बोलले नाहीत.

इतिहास आणि संस्कृतीवरची ही व्याख्यानं त्यांच्या बायकोने सुरू केली होती. ती शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा शाळेतलं जुनं उंच घड्याळ मागून घेऊन तिने ते या हॉलच्या भिंतीशी उभं केलं. नियम एकच: तासाचा टोला पडला की वक्त्याने थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. आणि श्रोत्यांनी लगेच टाळ्या वाजवायच्या, म्हणजे वक्त्याचा विरस होत नाही. पुढे ती गेली, तिच्यामागोमाग घड्याळही बंद पडलं आणि वक्त्यांना रान मोकळं मिळालं. एकेक जण असा बोलत सुटायचा की श्रोते हळूहळू दाराकडे सरकू लागायचे.

शेवटी पोस्टमास्तरांनी आपल्या बालमित्राला, घड्याळवाल्याला, गळ घातली. त्याने दुकान बंद ठेवून घड्याळ दुरुस्त केलं. "काळजी सोड. आज टोला पडणार म्हणजे पडणार!"

मग काय, पोस्टमास्तर घरोघर सांगत सुटले, "आज घड्याळ चालू आहे हं! वेळेत सुटका." या एका आश्वासनावर हॉल जवळजवळ भरला. ग्रंथपालबाई दाराशी उभ्या राहून खुर्च्यांकडे बघत होत्या.

बाहेरगावाहून आलेल्या प्राध्यापकांचा विषय होता 'प्राचीन मार्ग आणि दळणवळण'. त्यांनी कागदांचा जाडजूड गठ्ठा नीट लावला, पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. जरा रंगात येऊन ते म्हणाले, "तेव्हा राजाने आज्ञा केली की..."

टण्!

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. जुनी सवय, हात आपोआप उठले.

"अहो, आत्ताच तर सुरू केलं मी!" प्राध्यापक गोंधळले.

"नियम आहे ना," बेकरीवाल्या काकू समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "पण छान बोललात हो."

पोस्टमास्तर तरातरा घड्याळापाशी गेले. घड्याळवाला आधीच बाजूची झडप उघडून आत डोकावत होता.

"काहीतरी उलटसुलट बसलंय," तो कुजबुजला. "मिनिटकाटा दर आकड्यावर आला की टोला पडणार आता. सगळं यंत्र उतरवावं लागेल. बंद करून टाकू का?"

"बंद केलंस तर लोक उठून जातील! वेळेत सुटकेच्या बोलीवर आलेत सगळे."

तेवढ्यात टेलरकाका उभे राहिले. "राजाचं राहू द्या. रस्त्यांचाच विषय आहे म्हणून सांगतो, आता बसथांबा आहे ना, तिथे तळं होतं. मी तिथेच पोहायला शिकलो. एकदा काठावर चड्डी काढून ठेवली, वर येऊन बघतो तर..."

टण्! पुन्हा टाळ्या.

"अहो, पण चड्डीचं काय झालं?" मागून कुणीतरी कळवळून विचारलं.

"मी सांगते," काकू उठल्या. "आमच्या कुत्र्याने आणली होती ती. माझ्या आईने धुऊन भट्टीच्या भिंतीवर वाळत घातली. थंडीत शाळेत जाणारी सगळी पोरं त्या भिंतीला हात लावून उभी राहायची. ऊब मिळायची आणि पावाचा वास फुकट. आई कधी हाकलायची नाही. आता भट्टी विजेची झाली, भिंत गारच असते..."

टण्!

यावेळी टाळ्या जरा उशिराने आल्या. प्राध्यापकांनी गठ्ठा केव्हाच खुर्चीखाली सरकवला होता. त्यांनी शाळकरी मुलासारखं बोट वर केलं आणि त्यांना पुन्हा पाळी मिळाली. आपले वडील खांद्यावर शिडी घेऊन रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचे, आणि एखादा दिवा लागला की खाली उभ्या असलेल्या पोराला म्हणायचे, "तू लावलास बरं का," हे त्यांनी सांगितलं. टोला पडला तेव्हा ते रुमाल शोधत होते.

"पोस्टमास्तर, आता तुम्ही!" काकू म्हणाल्या.

पोस्टमास्तर आजवर आभारापलीकडे कधी काही बोलले नव्हते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. काटा पुढच्या आकड्याला टेकतच आला होता. एवढ्यात सुटू, असा हिशेब करून ते उठले.

"मी काय बोलणार? हे सगळं तिचं..." ते टोल्यासाठी थांबले. टोला पडला नाही. "लग्नाआधी ती रोज माझ्या खिडकीवर यायची. एकच तिकीट घ्यायची. मला वाटायचं, केवढा गोतावळा असेल हिचा! लग्नानंतर तिचा खण उघडला, तर सगळी तिकिटं आत, कोरी. एकही पत्र लिहिलं नव्हतं."

लोक हसले. पोस्टमास्तरांनी पुन्हा कान टवकारले. काही नाही. आता थांबावं कसं, हे त्यांना कळेना. मग ते बोलत राहिले. ती शेवटच्या रांगेत कशी बसायची, घरीही त्यांची गोष्ट लांबली की "टण्!" म्हणून कशी टाळ्या वाजवायची, सगळं सांगितलं.

"आता घरात मला मधेच कुणी थांबवत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी बोलतच नाही."

कुणी उठलं नाही. शेवटी ते आपणहून बसले आणि मग टाळ्या पडल्या. ग्रंथपालबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "व्यायामवर्गाला मागचं अंगण देते मी. त्यांना मोकळी हवाच बरी."

राजाने काय आज्ञा केली, हे कुणीच विचारलं नाही. हॉल रिकामा झाल्यावर पोस्टमास्तर घड्याळापाशी गेले.

"नेमकं माझ्या वेळी बंद पडलं! याला दुरुस्ती म्हणतात होय रे?"

घड्याळवाला अजून तिथेच भिंतीला चिकटून उभा होता. त्याचा एक हात कोपरापर्यंत झडपेच्या आत होता.

"बंद नाही पडलं. लोलक धरून उभा आहे मी," तो म्हणाला. "झालं ना तुझं बोलून? सोडू आता? हाताला मुंग्या आल्यात."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. घड्याळवाल्याने लोलकाला हलकासा झोका देऊन हात बाहेर काढला, आणि पाठोपाठ टोला पडला. रिकाम्या हॉलमध्ये दोघा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने दोन्ही हातांनी, दुसऱ्याने धड असलेल्या एका हाताने मांडीवर.